मूक वस्तूंची साक्ष

छायाचित्रकलेच्या उदयकाळींच घरांतील जपलेल्या वस्तूंचीं चित्रें निघूं लागलीं. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट ह्यानें १८४४ सालीं 'दि पेन्सिल ऑफ नेचर' ह्या ग्रंथाचें प्रकाशन आरंभिलें. त्यांतील एका चित्रांत फळ्यांवर मांडलेलीं चिनी मातीचीं भांडीं आहेत. हेतु व्यवहारी होता: उद्यां चोरानें हीं भांडीं नेलीं, तर न्यायालयांत हें चित्र मुकेपणीं साक्ष देईल.

जपानच्या इशिउची मियाको ह्या बाईंनीं हीच साक्ष निराळ्या न्यायासनापुढें नेली. २००० सालीं आई वारल्यावर तिची ओठरंगाची कांडी, कवळी, आंतील वस्त्रें ह्यांचीं चित्रें त्यांनीं अगदीं जवळून घेतलीं. २००५ सालीं तीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं. पुढें २००७ पासून त्या हिरोशिमाच्या संग्रहालयांतील, १९४५ च्या अणुबाँबला बळी पडलेल्यांच्या कपड्यांकडे वळल्या.

आतां प्रश्न चित्रावरील संस्कारांचा. छाया उजळावी, रंग मूळच्यासारखा करावा, कॅमेऱ्यांतील धुळीचे ठिपके काढावे, हें योग्यच. परंतु झिजलेली कड सारखी केली वा डाग पुसला, तर वस्तु सुंदर दिसेल आणि ती वापरणारें माणूस मात्र चित्रांतून नाहींसें होईल. चोर पकडण्यास भांड्याचा आकार पुरे. आई ओळखण्यास तो डागच हवा.