ताणाच्या दिवसांतला दिनक्रम



आपल्यापैकी बरेच जण आयटीत आहेत, त्यामुळे हे गणित ओळखीचे वाटेल. हिवाळ्यात पुण्याच्या टीमचे सकाळचे नऊ म्हणजे इथे ब्रिटनमध्ये पहाटेचे साडेतीन. कॅलिफोर्नियातल्या क्लायंटचे संध्याकाळचे पाच म्हणजे इथे रात्रीचा एक. या दोघांच्या मध्ये आपली झोप, मुलांची शाळा, स्वयंपाक आणि गावाकडे आई-बाबांना करायचा फोन हे सगळे बसवायचे असते.

काही वर्षांपूर्वी एका रिलीजच्या धावपळीत मुलीला शाळेतून आणायची पाळी माझी होती आणि मी कॉलवर होतो. ती चाळीस मिनिटे शाळेच्या ऑफिसात बसून होती. मला पाहिल्यावर रडली नाही, एवढेच म्हणाली, "बाबा, तुझं काम संपलं का?" त्या रात्री सौ. काही बोलली नाही, पण मी पहिल्यांदा आपला दिवस कागदावर मांडून पाहिला. त्यानंतर जे वाचले आणि करून पाहिले, ते इथे देत आहे.

मंडालेचे उदाहरण

लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले गेले. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेहाचा त्रास, घरापासून खूप दूर. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्या, तेव्हाही ते तुरुंगातच होते. या काळात त्यांनी पाली, जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. तुरुंग आणि शिक्षा त्यांच्या हातात नव्हती. दिवसाचे तास कशात घालवायचे, एवढेच हातात होते. आपले डेडलाइनचे दुखणे त्यापुढे काहीच नाही, पण तत्त्व तेच आहे.

सवय लागायला किती दिवस?

'एकवीस दिवसांत सवय लागते' असे आपण नेहमी ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात एखादी गोष्ट विचार न करता होऊ लागायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे : एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे सोमवारी व्यायाम बुडाला म्हणून आठवडाभर सोडून द्यायचे काही कारण नाही.

पाच गोष्टी, ठरलेल्या वेळी

१. उठण्याची वेळ. झोपायची वेळ कामामुळे हलते, पण उठण्याची वेळ शक्यतो सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवावी. मोठ्या माणसाला साधारण सात तास तरी झोप हवी. रात्री एकला कॉल असेल तर ते तास कुठून येणार हे आदल्या दिवशीच ठरवावे. आयुर्वेदात वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त 'दिनचर्या' नावाचा अध्याय आहे आणि त्याची सुरुवात उठण्याच्या वेळेपासूनच होते.

२. उजेड. शरीराच्या घड्याळाला सर्वात मोठी खूण उजेडाची. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. दिवसभर ऑफिसात बसलो तर तो दिसतच नाही. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे बाहेर चालून यावे.

३. चहा-कॉफी. कॅफीनचे प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. चार वाजता घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफीन नऊ वाजताही अंगात असते. चहात कमी, पण असतेच. दुपारनंतरचा कप सोडणे मला सर्वात जड गेले आणि फायदाही त्याचाच सर्वात जास्त झाला.

४. सूर्यनमस्कार. जिमची फी नको, गाडी नको, एका सतरंजीची जागा पुरते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी याचा मोठा प्रसार केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहूनच निघाले होते. सुरुवातीला रोज सहा घातले तरी चालतील. पाठीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

५. कामाचा शेवट. लॅपटॉप बंद करण्याआधी उद्याची कामे कागदावर लिहावीत. अमेरिकेतील २०१८ सालच्या एका अभ्यासात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली.

लक्षात ठेवण्यापेक्षा यादी बरी

१९३५ साली बोईंगचे एक नवे विमान चाचणीत कोसळले. वैमानिक अनुभवी होते, पण उड्डाणापूर्वी एक खिट्टी काढायची राहून गेली. त्यानंतर वैमानिकांसाठी चेकलिस्ट आली. मूळचे मराठी घरातले अमेरिकन सर्जन अतुल गवांदे यांनी २००९ साली याच विषयावर पुस्तक लिहिले आहे. थकलेला माणूस सोपी गोष्ट आधी विसरतो. आमच्या फ्रिजवर आता आठवड्याचा तक्ता आहे : शाळेतून कोण आणणार, कोणाचा रात्रीचा कॉल, आईला फोन कधी. ऑफिसच्या कॅलेंडरमध्येही शाळेची वेळ 'बिझी' म्हणून टाकली आहे. मला वाटले होते साहेब विचारतील. आजवर कुणीच विचारले नाही.

शिस्त पुरत नाही तेव्हा

हे महत्त्वाचे आहे. दोन-तीन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, सारखी चिडचिड किंवा रडू येते, असे असेल तर तो आळस नव्हे आणि वेळापत्रकाने बरा होणाराही नव्हे. जीपीला भेटा. इंग्लंडमध्ये 'एनएचएस टॉकिंग थेरपीज'कडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येते. मनाची अवस्था फारच बिघडली तर १११ वर फोन करून २ दाबावे. 'समॅरिटन्स'चा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. 'लोक काय म्हणतील' हा विचार इथे बाजूला ठेवावा. नव्याने आलेली, एकटी राहणारी मुले-मुली आपल्या ओळखीत असतील तर त्यांनाही हे सांगावे.

सगळे एकदम सुरू करू नका. वरच्या पाचांपैकी एकच निवडा आणि दोन महिने करून पाहा. माझे अजूनही आठवड्यातले एक-दोन दिवस चुकतात. शाळेची वेळ मात्र त्यानंतर चुकलेली नाही.