बीदर-कलबुर्गीची मिरची : प्रकाश आणि तापमानाचे गणित

मिरची हे मूळचे अमेरिका खंडातील पीक. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत ते भारतात आले आणि दख्खनच्या कोरड्या हवेत रुजले. महाराष्ट्र व तेलंगणाला लागून असलेल्या कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत या पिकाचे यशापयश बऱ्याच अंशी हवामानावर ठरते. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर, तर कलबुर्गी सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे कलबुर्गीचा उन्हाळा अधिक प्रखर असून मे महिन्यात तेथे पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो.

तापमान : बी उगवण्यास २५ ते ३० अंश तापमान उत्तम. १५ अंशांखाली उगवण रेंगाळते. रोपाची वाढ २० ते ३० अंशांत जोमाने होते. खरी कसोटी फुलोऱ्यात लागते. दिवसा ३५ अंशांहून अधिक उष्णता असल्यास, अथवा रात्रीही उकाडा कायम राहिल्यास, परागकणांची फलनक्षमता घटते आणि फुले गळतात. झाड हिरवेगार दिसते, पण फळ धरत नाही. ही गळ खताच्या कमतरतेमुळे किंवा रोगामुळे होत असल्याचे समजून फवारणी केल्यास खर्च वाया जातो. उलट कडक थंडीत रात्रीचे तापमान १५ अंशांखाली गेल्यास फळे लहान व वेडीवाकडी होतात.

प्रकाश : कलबुर्गीचे प्रमुख पीक असलेली तूर दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते. मिरचीला मात्र दिवसाच्या लांबीचे फारसे बंधन नाही. या भागात सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, तर सर्वांत लहान ११ तासांचा असतो. दोन्ही काळांत ती फुलू शकते. तिला गरज असते ती रोज सहा ते आठ तास थेट उन्हाची. सावलीत रोप उंच, पण किडकिडीत होते आणि कळ्या गळतात. अतिप्रखर उन्हात उघड्या फळांवर पांढुरके चट्टे पडतात. म्हणून दाट पानोळा हे फळांचे नैसर्गिक छत्र ठरते.

हंगाम : मे-जूनमध्ये सावलीच्या जाळीखाली रोपे तयार करून पाच-सहा आठवड्यांनी लागवड केल्यास फुलोरा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सौम्य हवेत येतो. पुढे थंडीच्या सुरुवातीला फळे पिकतात. लाल रंग १८ ते २४ अंशांत चांगला भरत असल्याने हा काळ रंगासाठीही अनुकूल असतो. उन्हाळी पिकाची लागवड जानेवारीत उरकावी, म्हणजे मार्चअखेरच्या उष्म्यापूर्वी बरीच फळधारणा होते.

गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात पिकणाऱ्या खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील हवा दमट, तर सीमाभागातील कोरडी. त्यामुळे एका ठिकाणचे लागवडीचे वेळापत्रक दुसरीकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. फुलोऱ्याच्या वेळी आपल्या शिवारात दिवसाचे व रात्रीचे तापमान किती असेल, हे पाहूनच पेरणीची तारीख ठरवणे हिताचे.