सिगारेट ओढणाऱ्यांनी स्कूबा डायव्हिंग करावं का? पाण्याखाली नेमकं काय होतं?

मालवण, तारकर्ली, गोव्यातलं ग्रँड आयलंड, नाहीतर कर्नाटकातलं नेत्राणी. पावसाळा सरला की स्कूबाचे रील्स सुरू होतात. बोटीत चढण्याआधी एक फॉर्म हातात येतो आणि बहुतेक जण तो न वाचताच सही करून परत देतात.

हा फॉर्म मात्र वाचण्यासारखा असतो. डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था जी वैद्यकीय प्रश्नावली वापरतात, तिच्यात दमा, हृदयविकार, फिट्स यांच्यासोबत धूम्रपानाचाही प्रश्न आहे. वय ४५ च्या पुढे असेल आणि तुम्ही सिगारेट ओढत असाल किंवा इतर कुठल्याही मार्गाने निकोटिन हुंगत असाल, तर आधी डॉक्टरांची परवानगी आणा, असं ती सांगते. आणखी एक प्रश्न थेट दमसासाचा आहे. १.६ किलोमीटर अंतर १४ मिनिटांत चालणं किंवा न थांबता २०० मीटर पोहणं तुम्हाला जड जातं का?

पण सिगारेट ओढणारे डायव्हर तर खूप आहेत!

आहेत. १९४३ मध्ये एमिल गान्यान यांच्यासोबत 'अ‍ॅक्वालंग' तयार करून स्कूबा जगभर नेणारे जाक कुस्तो स्वतः पाइप ओढायचे. १९६३ मध्ये त्यांच्या चमूने तांबड्या समुद्रात पाण्याखालच्या घरात मुक्काम केला, तेव्हा तिथेही सिगारेटी पेटत होत्या. कुस्तो ८७ वर्षं जगले. त्यामुळे 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण हमखास आठवतं.

आणि शांत समुद्रात, ओळखीच्या जागी, गाइडसोबत केलेल्या डाइव्हमध्ये खरंच बहुतेक वेळा काही होत नाही. पाण्यात शरीर तरंगतं, हालचाल संथ असते, माणूस फारसा दमत नाही. हाच यातला फसवा भाग आहे. सिगारेट खाते ती राखीव ताकद, आणि ती ताकद लागते फक्त गडबड झाल्यावर. तोपर्यंत ती कमी झालीय हे कळतच नाही.

हवेचा हिशेब

समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो. पाण्यात दर १० मीटरला तो आणखी एकाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. तिथे घेतलेल्या प्रत्येक श्वासात तितकी जास्त हवा सिलिंडरमधून जाते.

१२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला, तर त्यात साधारण २४०० लिटर हवा मावते. निवांत माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. पृष्ठभागावर हा सिलिंडर दोन तास पुरेल, १० मीटरवर एक तास आणि २० मीटरवर फक्त ४० मिनिटं. आता अचानक प्रवाह लागला, पाय मारून दम लागला आणि श्वास दुप्पट झाला, तर तेच ४० चे २० होतात. त्यातली साधारण ५० बार हवा वर येण्यासाठी शिल्लक ठेवायची असते, हे वेगळंच.

शिवाय पाण्यात वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. जमिनीवर घाई करण्याची सवय इथे उलटी पडते. खोलवर हवा दाट झालेली असते, त्यामुळे ती आत-बाहेर करायलाही छातीला जोर लागतो. ३० मीटरवर माणूस जोर लावून जास्तीत जास्त जितका श्वास घेऊ शकतो, ती क्षमता पृष्ठभागाच्या जवळपास निम्मी होते. धापा टाकल्या तरी कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. तो साठला की गुदमरल्यासारखं वाटतं आणि मग माणूस घाबरतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे 'डॅन' या संस्थेच्या अभ्यासकांनी १९९२ ते २००३ या काळातले हौशी डायव्हरांचे ९४७ मृत्यू तपासले. ज्यांत अपघाताची सुरुवात कशी झाली हे कळलं, त्यांतल्या ४१ टक्के प्रकरणांत ती श्वासाची हवा कमी पडण्यापासून झाली होती. पुढची पायरी बऱ्याचदा घाईघाईने वर येण्याची होती. आणि ज्यांत शरीराला नेमकं काय झालं हे ठरवता आलं, त्यांतल्या २६ टक्के प्रकरणांत कारण हृदयाचं होतं. त्यात चाळिशी ओलांडलेले आणि आधीच हृदयविकार असलेले जास्त होते.

मग सिगारेट नेमकं काय करते?

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तात अशी अडलेली जागा एक टक्क्याच्या आसपास असते. रोज ओढणाऱ्यात ती ५ टक्क्यांच्या घरात, जास्त ओढणाऱ्यात १० टक्क्यांपर्यंतही जाते. खोलवर दाबामुळे रक्तात प्राणवायू जास्त विरघळतो, म्हणून तिथे ही तूट काही अंशी भरून निघते. वर आल्यावर, लाटांमधून बोटीपर्यंत पोहताना ती उघडी पडते.

निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. गंमत म्हणजे पाणी स्वतःही हृदयावर भार टाकतच असतं. शरीर पाण्यात बुडालं की हातापायांतलं अर्धा लिटरहून जास्त रक्त छातीकडे सरकतं. हे दोन्ही एकाच वेळी झेलायला हृदय धडधाकट हवं.

फुप्फुसांचं दुखणं वेगळं आहे. श्वासनलिकेतले बारीक केस कफ वर ढकलत असतात. धुरामुळे ते मंदावतात आणि कफ साचतो. डायव्हर वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि ती बाहेर पडायलाच हवी. एखाद्या कोपऱ्यात कफामुळे ती अडकली, तर तिथला पडदा फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात, तिथून मेंदूपर्यंतही जाऊ शकतात. आणि यासाठी फार खोल जावं लागत नाही. छाती भरून श्वास रोखून धरला, तर सव्वा मीटरवरून वर येतानाही फुप्फुस फाटू शकतं.

'बेंड्स'चं काय? सिगारेटमुळे तो त्रास होतोच, असं म्हणता येत नाही. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॅनकडच्या चार हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. ज्यांना त्रास झाला, त्यांच्यात भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांची लक्षणं जास्त गंभीर असल्याचं दिसलं.

आदल्या दिवशी सोडली तर चालेल?

थोडा फायदा होतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साधारण दर चार-पाच तासांनी निम्मा होत जातो, त्यामुळे एक पूर्ण दिवस थांबलं तरी बराचसा निघून जातो. निदान दोन डाइव्हच्या मधल्या वेळेत बोटीवर ओढायची नाही, एवढं तरी जमण्यासारखं आहे. फुप्फुसं मात्र एका दिवसात साफ होत नाहीत, त्याला आठवडे-महिने लागतात. सोडल्यावर सुरुवातीला काही जणांचा खोकला उलट वाढतो. छातीत कफ वाजत असेल, तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

विडी यातून सुटत नाही, तिच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, पण परदेशात जाऊन वेप करणाऱ्यांनाही फॉर्मवर 'हो' लिहावं लागतं. महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा चघळण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. मळलेल्या तंबाखूत धूर नाही, पण निकोटिन आहे, आणि त्याचा हृदयावरचा परिणाम तोच. रेग्युलेटर तोंडात असताना तोबरा भरता येत नाही, एवढाच काय तो फायदा.

तब्येत ठीक आहे, हे कसं ओळखायचं?

बारीक असणं म्हणजे फिट असणं नव्हे. फॉर्ममधली १४ मिनिटांची चाल घरीच करून बघता येते. मोकळा रस्ता, घड्याळ, एवढंच लागतं. अंतर वेळेत झालं नाही, किंवा शेवटी छातीत भरून आलं, तर डाइव्हच्या बुकिंगआधी डॉक्टरांकडे जावं.

पर्यटकांसाठीच्या छोट्या डाइव्हला पोहता आलं नाही तरी चालतं, कारण प्रशिक्षक सतत धरून असतो. पण तो तुमच्या जागी श्वास घेऊ शकत नाही. सिगारेट, रक्तदाबाच्या गोळ्या, जुना दमा, परवाचा खोकला, हे सगळं त्याला बोटीत बसण्याआधी सांगायचं असतं. मग तो कमी खोलीवर नेईल, किंवा सरळ नाही म्हणेल. पैसे भरलेत म्हणून त्याच्याशी वाद घालू नये.