बारा वाजून दहा मिनिटांनी काटा खाली आला

गोडी छाटणीनंतर द्राक्षबाग फुलोऱ्यावर आली की दिंडोरी-निफाडकडच्या घरांत कुणाला धड झोप लागत नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पावसाने नाशिक जिल्ह्यातल्या बागाच्या बागा नेल्या, ते अजून कुणी विसरलेलं नाही. रात्री पाऊस पडला की सकाळी एकच प्रश्न असतो: फवारा कधी धरायचा? गेल्या नोव्हेंबरात असाच पाऊस झाला आणि माझ्या चुलत्यांचा, म्हणजे नानांचा, मिनी ट्रॅक्टर भर फवारणीत बंद पडला. गावात सगळे म्हणाले, इंजिन अचानक गेलं. मी दिवसभर बागेतच होतो. अचानक काहीही झालं नाही.

पहाटे 5.00

पाऊस उघडला, पानं मात्र निथळत होती. डाऊनी म्हणजेच केवडा रोगाच्या बुरशीला हेच हवं असतं. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात आणि एकदा आत शिरले की वरून मारलेलं साधं औषध त्यांना गाठत नाही. नाना औषधं मोजायला बसले. चुलतभावाने ट्रॅक्टर बाहेर काढला, डिझेल पाहिलं, ऑइलची पट्टी ओढून पाहिली. रेडिएटरपुढच्या जाळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्या जाळीवर आणि आतल्या फिन्सवर महिनाभराच्या फवाऱ्यांचा थर वाळून बसला होता. फवारणीचा ब्लोअर असतो मागे. पण ट्रॅक्टर ओळ संपवून वळतो आणि स्वतःच उडवलेल्या तुषारांतून परत येतो. पंखा ते तुषार समोरून आत ओढतो. बोर्डो मिश्रणातला चुना, गंधक, धूळ, वाळके ताणे असं सगळं एकमेकांना धरून बसतं. नांगरटीच्या ट्रॅक्टरवर नुसती माती असते, ती झटकली की जाते. हा थर नखाने खरवडावा लागतो.

5.45

स्टार्टर मारताच फॅन बेल्ट चिरचिरला आणि थोड्या वेळाने गप्प झाला. "दव लागलंय," चुलतभाऊ म्हणाला. कधी कधी तेवढंच असतं. पण झिजून गुळगुळीत झालेला, सैल पडलेला पट्टाही असाच चिरचिरतो, आणि गरम झाल्यावर तो आवाज न करताही घसरत राहतो. या एका पट्ट्यावर पंखा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर अशी तिन्ही कामं चालतात. पट्टा घसरला की वारा कमी होतो आणि पाण्याचं फिरणंही मंदावतं.

7.30

पहिली टाकी संपली. तापमानाचा काटा मधोमध होता. गार सकाळ हा या बिघाडाचा सगळ्यात मोठा आडोसा आहे. बाहेरची हवा थंड असली की अर्धामुर्धा वारासुद्धा पुरतो, आणि माणसाला वाटतं गाडी ठीक आहे.

रस्त्यावरच्या गाडीला वेगामुळे समोरून आपोआप वारा मिळतो. बागेतला ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालतो आणि पीटीओवर ब्लोअर ओढत असल्यामुळे इंजिन मात्र तासन्‌तास चढ्या फेऱ्यांवर असतं. ढोबळमानाने डिझेलच्या ऊर्जेतली एक तृतीयांशच कामी येते. उरलेली उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर काढावी लागते, आणि रेडिएटरच्या बाजूचा सगळा भार इथे एकट्या पंख्यावर असतो.

10.00

ऊन चढलं, तिसरी टाकी सुरू झाली. ओळीच्या मध्यावर काटा वर सरकायचा. बांधावर पीटीओ सोडून वळला की पुन्हा खाली यायचा. "बघ, येतोय ना खाली," असं म्हणून काम पुढे चाललं. पण काट्याची ही ये-जा सगळं सांगत होती. भार नसताना इंजिन गार राहतं आणि भाराखाली तापतं, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची ताकद अपुरी पडते आहे. मधूनच चार्जिंगचा लाल दिवाही लुकलुकला. काटा आणि तो दिवा या दोन्हींना जोडणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे पट्टा.

10.40

"नाना, काटा चढतोय." "एवढी टाकी संपू दे, मग बघू."

नानांना मी दोष देणार नाही. डोक्यावर ढग होते, निम्मी बाग बाकी होती आणि मजूर तासावर होते. पण इथे पंधरा-वीस मिनिटं थांबलो असतो तर पुढचं टळलं असतं, म्हणून त्या मिनिटांत काय करता आलं असतं ते नीट सांगतो.

इंजिन चालू असताना जाळीसमोर कागद धरायचा. पंखा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटतो. जिथे गळून पडतो तिथे रेडिएटर चोंदलेला आहे, आणि कुठेच चिकटत नसेल तर पंखाच मंद आहे. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून पट्टा मधोमध अंगठ्याने दाबायचा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक (नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं). त्याहून जास्त दबला तर अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताणायचा. जाळी काढून पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारायची, कारण कचरा समोरून आलेला असतो आणि तिकडूनच हवा मारली तर तो आणखी आत रुततो. जोराच्या पाण्याने फिन्स वाकतात, ते टाळायचं.

आणखी एक गोष्ट होती. पंख्याभोवतीचा घेर मागच्या एका दुरुस्तीत काढला गेला आणि परत बसलाच नाही. घेर नसला की पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच फिरवत बसतो. मला या बेपर्वाईचा अजून राग येतो.

11.35

ढक्कनाखालून सूं सूं आवाज आणि वाफ. चुलतभाऊ गोणपाट घेऊन ढक्कन उघडायला धावला, नानांनी त्याचा दंड धरून मागे खेचलं. ते एक काम त्या दिवशी अगदी बरोबर झालं. ढक्कन 0.9 बार दाब धरत असेल तर आतलं पाणी 117-118 अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना ढक्कन सोडला की दाब उतरतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. आमच्या ढक्कनाचं रबर चिरलेलं होतं. दाब टिकत नव्हता, आणि सहाशे मीटर उंचीवरच्या आमच्या भागात उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं.

थोडं थांबून रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं. गेला हंगामभर कूलंटऐवजी तेच जात होतं, नळ्यांत क्षार धरत होतं. इंजिन पुरतं निवलेलं नव्हतं. टाकी संपवायची होती.

12.10

काटा खाली आला.

चुलतभाऊ हसला. नानांनी लांबूनच हात केला. मलाही बरं वाटलं.

काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उकळून त्याच्या खाली गेलं की त्याच्याभोवती उरते वाफ आणि हवा. ती धातूला पाण्याइतकी उष्णता देत नाही, म्हणून काटा पडतो. भार तोच, पंखा तोच, ऊन वाढलेलं, आणि तरीही काटा उतरला, तर तो निवल्यामुळे उतरलेला नसतो. त्या क्षणी इंजिन लगेच बंद करायचं असतं, ओळ संपायची वाट न पाहता.

12.25

ताकद गेली, खडखड आली, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. मग इंजिन आपणच बंद पडलं.

2.30

मेकॅनिकने ऑइलची पट्टी ओढली. तेल दुधाच्या चहाच्या रंगाचं झालं होतं, म्हणजे हेड गॅस्केट फुटून पाणी तेलात उतरलं होतं. त्याने पट्टा काढून उलटा केला: आतून चकचकीत, आडव्या भेगा पडलेल्या. "एवढाच बदलायचा होता," तो म्हणाला. हेड वाकलं असणार, लेथवर घासून आणावं लागेल, तडा असेल तर नवीन. आणि सिलिंडर उघडल्याशिवाय पिस्टनचं काही सांगता येणार नाही.

5.30

शेजाऱ्यांचे ब्लोअर आपापल्या बागेत अडकलेले. रात्री पुन्हा पावसाचा अंदाज होता. नानांनी एचटीपी पंप काढला. हाताच्या गनने अंधार पडेपर्यंत जेवढं होईल तेवढंच होणार होतं, म्हणून फुलोऱ्यातला प्लॉट आधी घेतला. उशिरा छाटलेला प्लॉट राहिला. सहाव्या दिवशी त्याच्या पानांवर तेलकट डाग दिसले, तेव्हा ट्रॅक्टरचं हेड अजून लेथवरच होतं.