तुरुंगातील अस्वच्छता फक्त कैद्यांचा प्रश्न आहे का? कर्मचाऱ्यांबाबत नियम काय सांगतात?

भिंगारला लागून असलेला अहमदनगरचा भुईकोट किल्ला म्हटलं की १९४२चं आंदोलन आणि पंडित नेहरूंचा कारावास आठवतो. नेहरूंसह काँग्रेसचे १२ नेते इथे स्थानबद्ध होते. त्यांच्यापैकी मौलाना आझाद यांच्या ‘गुबार-ए-खातिर’मध्ये एका स्वयंपाक्याची हकिगत आहे. बाहेरून कामासाठी आणलेल्या या माणसाला आत आल्यावर परत बाहेर जाण्याची मुभा नव्हती. गुन्हा काहीच नाही, तरी तोही भिंतीआड.

तुरुंगात काम करणाऱ्यांचं हे दुखणं आजही संपलेलं नाही.

२०२०मध्ये काय झालं?

एप्रिल २०२०मध्ये कोरोनामुळे मुंबई, भायखळा, ठाणे, कल्याण आणि येरवडा हे तुरुंग ‘लॉकडाऊन’ करण्यात आले. आतल्यांनी बाहेर आणि बाहेरच्यांनी आत जायचं नाही, असा आदेश होता. तो कर्मचाऱ्यांनाही लागू होता. तरीही मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात कैद्यांसोबत कर्मचारीही बाधित आढळले. सुमारे ८०० क्षमतेच्या या तुरुंगात तेव्हा त्याच्या तिपटीहून जास्त कैदी होते. त्यानंतर राज्यातील सुमारे १७ हजार कैद्यांना तात्पुरतं सोडण्याचा निर्णय झाला.

नियम काय आहेत?

केंद्राच्या २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार:

• बराकीला जोडून दर १० कैद्यांमागे एक शौचालय हवं
• दिवसा वापरायच्या शौचालयांसाठी हे प्रमाण सहा कैद्यांमागे एक
• दर सहा कैद्यांमागे एक रक्षक हवा

मात्र तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून असते.

गर्दीचा कर्मचाऱ्यांशी काय संबंध?

गणित सोपं आहे. शौचालयं आणि रक्षकांची पदं मंजूर क्षमतेनुसार ठरली आणि कैदी तिप्पट झाले, तर एका शौचालयामागे ३० कैदी आणि एका रक्षकामागे १८ कैदी येतात. पदं रिक्त असतील तर भार आणखी वाढतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२अखेर देशातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१.४ टक्के कैदी होते. तुंबलेली गटारं, क्षयरोग, खरूज यांचा धोका बराकीपुरता राहत नाही. ड्युटी संपल्यावर रक्षक घरी जातो, तेव्हा तो कुटुंबापर्यंतही पोहोचतो.

सफाई कोण करतं?

अनेक तुरुंगांत हे काम कैद्यांकडूनच करून घेतलं जातं आणि ते जातीवरून वाटलं जात असे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३चा कायदा तुरुंगांनाही लागू असल्याचं न्यायालयाने स्पष्ट केलं.

मग कर्मचाऱ्यांचं काय?

मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३नुसार मानवाधिकार आयोगाला तुरुंगाची पाहणी करता येते. पण त्या तरतुदीत उल्लेख आहे तो कैद्यांच्या राहणीमानाचा. त्याच आवारात रोज आठ-बारा तास काढणाऱ्या रक्षकाचा वेगळा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे तुरुंग सुधारणेची चर्चा होते तेव्हा कैद्यांच्या शौचालयांबरोबर रक्षकांची शौचालयं, विश्रांतीची खोली आणि नियमित आरोग्य तपासणी हेही प्रश्न विचारायला हवेत.