मोकळ्या कुत्र्याची जबाबदारी

मराठवाड्यातला कारवानी कुत्रा वाऱ्याशी स्पर्धा करणारा, नजरेने सावज हेरून त्यामागे धावणारा. बीडमधल्या बालाघाटाच्या माळरानांसारख्या उघड्या मुलखात अशा कुत्र्याला मोकळे सोडणे हा बेफिकीरपणा नव्हता. ससा धरायचा तर गळ्यात साखळी चालत नाही. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीची वाट बंद केली. काम गेले, मोकळे सोडण्याची सवय उरली. समोर पळेल त्याचा पाठलाग करण्याची रक्तातली ओढही उरली. आता तिच्या वाटेत ससा नव्हे, तर दुसऱ्याचा साखळीतला कुत्रा येतो.

यावर म्हणतात, बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि धनगराचा कुत्राही मोकळाच असतो. पहिले खरे आहे, म्हणून त्याला कुंपणाच्या आत धावू द्यावे. दुसरे अर्धेच खरे: राखणीचा कुत्रा कळपाभोवती राहतो, शिकारी कुत्रा मालकापासून दूर झेपावतो, तिथे हाक पोहोचेपर्यंत उशीर होतो. असा मोकळा कुत्रा धावून आला तर साखळी धरणाऱ्याने पळू नये, आपला कुत्रा आखूड धरून मध्ये उभे राहावे, संथपणे बाजूला व्हावे. तरी मूळ भार त्याच्यावर नाही. प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ शिक्षा सांगते. हाकेला न परतणारा कुत्रा रस्त्यावर मोकळा सोडणे ही परंपरा नव्हे, हयगय आहे.