इसार

जुगाराशी माझा संबंध बँकेच्या काउंटरपुरताच. दुसऱ्याचे पैसे मोजायचे आणि ते आपले नाहीत हे लक्षात ठेवायचे, यात माझी वीस वर्षे गेली. म्हणून दिवाळीत भाच्याने पोकर मांडला तेव्हा चिंचोके लावायच्या अटीवरच मी बसलो.

पाने वाटण्याआधीच तो म्हणाला, "मामा, तुम्ही बिग ब्लाइंड आहात."

"नंबर वाढलाय हे खरं," मी म्हटलं, "पण इतकाही नाही रे!"

तीन पत्तीत ब्लाइंड खेळणे हा शौर्याचा भाग. इथे ती सक्तीची वर्गणी! वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पाने बघण्याआधीच पैसे टाकायचे. पहिल्याने पाच, तर दुसऱ्याने दहा. पुढे प्रत्येकाला दोन पाने, आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच. म्हणजे हा इसारच की! माल बघायच्या आधी दिलेला.

इसार म्हटल्यावर मला रस वाटू लागला. त्याचे कारण खासगी आहे. ते शेवटी सांगतो.

हा प्रकार जुना आहे. 1870च्या दशकात रॉबर्ट शेंक नावाचे गृहस्थ अमेरिकेचे राजदूत म्हणून लंडनात होते. एका सरदारघराण्यातल्या बाईंच्या आग्रहावरून त्यांनी पोकरचे नियम लिहून दिले आणि ते छापलेही गेले. त्यात डावीकडच्या गड्याने आंधळी रक्कम टाकायची, इतरांनी दुप्पट भरून आत यायचे, मग फिरून त्याची पाळी आली की त्याने उरलेले भरायचे किंवा टाकलेल्यावर पाणी सोडायचे. भरू की सोडू, हा प्रश्न आजही तोच आहे.

गंमत पुढेच आहे. याच शेंकसाहेबांनी यूटामधल्या एमा नावाच्या चांदीच्या खाणीला संचालक म्हणून आपले नाव दिले. राजदूताचे नाव बघून लंडनकरांनी शेअर घेतले. चांदी आटली, पैसे बुडाले आणि 1876 साली साहेबांना पद सोडावे लागले. ब्लाइंडचे नियम शिकवणारा माणूस खाणीत इतरांना आंधळा डाव खेळवून बसला!

भाचा शिकवत होता तो प्रकार टेक्ससचा. तिथल्या जुगाऱ्यांनी तो 1960च्या दशकात लास व्हेगासला नेला आणि 1970पासून त्याची जागतिक स्पर्धा सुरू झाली. दोन पानांचे 1,326 जोड होतात. रंगांचे बारकावे सोडले तर 169. एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते. तिची वाट बघत बसले तर इसार भरण्यातच चिंचोके संपतात. 1976 साली डेव्हिड स्क्लान्स्की यांनी आपल्या पुस्तकात पानांचे गट पाडून दिले. म्हणजे आमच्या कर्जखात्यासारखी प्रतवारीच!

"पण ब्लाइंडला किंमत बघायची, मामा," भाचा सांगू लागला. समजा, समोरच्याने पंचवीस लावले आणि लहान ब्लाइंडने पाने टाकली. मध्ये पाच, दहा आणि पंचवीस मिळून चाळीस. मला भरायचे फक्त पंधरा. अकरा वेळांत तीनदा जिंकलो तरी ना नफा ना तोटा. म्हणून बारीक जोडी किंवा एकाच रंगाची नहला-अठ्ठी इथे चालते. मात्र मधली पाने उघडली की ब्लाइंडला आधी बोलावे लागते आणि समोरचा आपला चेहरा वाचून चाल करतो. तेव्हा वेगळ्या रंगांची राजा-दुर्री टाकलेली बरी. लहान ब्लाइंडची स्थिती त्याहून वाईट. त्याला भरायचे वीस, आणि मागे मोठा ब्लाइंड अजून बोलायचाय.

"आणि डॉयल ब्रन्सन?" मी मोबाइलमध्ये डोकावून विचारले. या टेक्ससच्या गड्याने 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षे स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात हातात काय, तर दश्शी-दुर्री!

"तेव्हा दोघेच उरले होते. दोघेच असले की दर डावात दोघेही ब्लाइंडच. तिथे साधी पानंही खेळावी लागतात. भरल्या टेबलावर दश्शी-दुर्री खेळाल तर चिंचोके संपतील."

खेळलो. संपले. हातात सत्ती-दुर्री, तरी मी भरत होतो.

"का भरताय?"

"दहा टाकलेत ना आधीच!"

"मामा, ते दहा तुमचे नाहीत आता. ते मधले झाले."

मी कॉमर्सचा पदवीधर. बुडीत खर्चावर पंधरा मार्कांचे उत्तर लिहिलेला. पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण हायवेलगतच्या एका प्लॉटला मी एक्कावन्न हजार इसार दिला होता. सात-बारा अजून साफ नव्हता, एनएचा पत्ता नव्हता, आणि प्लॉटवाला आणखी तीन लाख मागत होता. एक्कावन्न हजार वाया जातील, म्हणून मी पीएफमधून तीन लाख काढायच्या बेतात होतो. मुलीच्या इंजिनिअरिंगला ठेवलेले!

पहाटे हिशोब केला. इसार दिलाच नाही असे समजू. हा प्लॉट आज कोणी मला नुसत्या तीन लाखांत देऊ केला, तर घेईन का? नाही. कागद नसलेली जमीन म्हणजे सत्ती-दुर्रीच.

सकाळी सौ.ला सांगितले, "प्लॉट सोडला."

ती चहा गाळत म्हणाली, "इसार द्यायच्या आधीच मी सांगत होते, सात-बारा बघा."

म्हणजे त्या व्यवहारात ब्लाइंड मी एकटाच होतो.